सत्तर टक्के कुठून आले?

ते टेबल मी पाहताक्षणी ओळखलं. कोपऱ्यातल्या एका पॉकेटची जाळी फाटली होती, तेव्हा मालकानं ती निळ्या नायलॉनच्या दोरीनं स्वतः विणून बसवली होती. ती निळी जाळी तशीच होती. कडेच्या लाकडावर अगरबत्तीचा काळा डागही होता. रोज संध्याकाळी दिवा लागला की तो तिथं अगरबत्ती टेकवायचा.

ऑगस्टचा महिना, चिखलदरा. परतवाड्याहून घाट चढून वर आलो तेव्हापासून धुकं आणि पाऊस. गाविलगडाचा दरवाजा दिसेना, पंचबोल पॉइंटवर नुसता पांढरा पडदा. बहिणीची पोरं कंटाळली, तेव्हा लॉजवाल्यानं तळमजल्यावरची एक खोली उघडून दिली. दारावर पाटी होती, 'इनडोअर गेम्स, फक्त फॅमिलीसाठी'. आत एक कॅरम, एक टेबल टेनिसचं टेबल आणि मधोमध हे पूलचं टेबल. मागच्या हिवाळ्यापर्यंत ते खाली मैदानात, आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी, एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. तिथं असताना त्याला 'अड्डा' म्हणत. साडेतीन हजार फूट वर आल्यावर ती 'सोय' झाली.

हे टेबल खालून वर कसं आलं, ते सांगायचं तर एका आकड्यापासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या वर्षी आमच्याकडे इस्लाहे-मुआशऱ्याचा जलसा झाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वऱ्हाडातलं तालुक्याचं कुठलंही गाव समजा. वक्ते मौलाना नव्हते, हे आधीच सांगतो, कारण असं काही लिहिलं की लोक लगेच दाढीकडे बोट दाखवतात. हे एक निवृत्त अधिकारी, समाजातलं वजनदार नाव. ते म्हणाले, "आपले सत्तर टक्के नौजवान स्नूकर आणि पूलच्या अड्ड्यांवर बरबाद होत आहेत." मंडपात हळहळ झाली. वीस-पंचवीस मोबाइल वर झाले. इशाच्या नमाजपर्यंत ते वाक्य गावातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचलं होतं.

जलसा उठल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "साहेब, हा सत्तरचा आकडा कुठला?"

"सर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. त्याला आकडा कशाला लागतो?"

मग आपण तो दिलात कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही. घरी जाऊन सुचलं. माझं नेहमीच असं होतं.

मी गणिताचा मास्तर. २०११च्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार फिरलो आहे. एका घरात किती माणसं राहतात, एवढा साधा प्रश्न विचारायला सुद्धा किती नियम असतात ते मला ठाऊक आहे. मुंबईला कामाला गेलेला मुलगा धरायचा की नाही, बाळंतपणाला आलेली लेक कुठे धरायची, फुटपाथवर झोपणाऱ्याला कोणत्या रात्री मोजायचं, हे सगळं ठरवलेलं असतं. 'राहतो' या शब्दाचा अर्थ आधी ठरतो आणि मग बोट मोजायला लागतं. 'खेळतो' या शब्दाचं काय?

समजा कुणी विचारलं, आज पूल आणि बिलियर्ड्स किती लोक खेळतात? वर्षातून एकदा लग्नाला गेलेल्या हॉटेलात दोन बॉल ढकलणारा खेळाडू आहे का? दर रविवारी जाणारा? रोज तीन तास? फोनवर खेळणारा? '८ बॉल पूल' नावाचा मोबाइलवरचा खेळ गूगलच्या दुकानातून शंभर कोटींहून जास्त वेळा उतरवला गेला आहे. माझ्या भाच्यानं एकट्यानं तो तीन फोनांवर पाच वेळा उतरवला आणि पाच वेळा काढून टाकला. म्हणजे त्या शंभर कोटींत तो पाच माणसं आहे. खऱ्या टेबलाला त्यानं चिखलदऱ्यात पहिल्यांदा हात लावला.

अमेरिकेत हे मोजण्याचा प्रयत्न वर्षानुवर्षं होतो. तिथली नॅशनल स्पोर्टिंग गुड्स असोसिएशन, म्हणजे खेळाचं सामान विकणाऱ्यांची संघटना, दरवर्षी घराघरांत पाहणी करते. वय सात वर्षांच्या वर आणि वर्षभरात एकापेक्षा जास्त वेळा खेळलेला तो खेळाडू, ही त्यांची व्याख्या. या चाळणीतून बिलियर्ड्स-पूल खेळणारे कोटींनी निघतात. त्याच देशात हौशी पूलची सगळ्यात मोठी लीग चालवणारी अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन आहे. तिचे सभासद अडीच लाखांच्या आसपास. कोटी खरे की अडीच लाख? दोन्ही खरे. एका ठिकाणी वर्षातून दोनदा काठी धरलेला माणूस मोजला आहे, दुसऱ्या ठिकाणी वर्गणी भरून नेमानं खेळणारा. सामान विकणाऱ्याला मोठा आकडा हवा असतो, म्हणून चाळणीची भोकं मोठी. त्यात खोटं काही नाही, कारण व्याख्या त्यांनी छापून ठेवली आहे. ब्रिटनमध्ये १९८५च्या जागतिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना १ कोटी ८५ लाख लोकांनी मध्यरात्रीपर्यंत टीव्हीवर पाहिला. ते पाहणारे होते, खेळणारे नव्हे. पण 'स्नूकरचे चाहते' म्हणत म्हणत असे आकडे कधी खेळाडूंच्या रांगेत जाऊन बसतात ते कळत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९मध्ये लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी केली. सुमारे १ लाख ३८ हजार घरं, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब. तिच्यात खेळ आणि व्यायाम यांचा एक खाना आहे, छंद आणि बैठ्या खेळांचा वेगळा. पूल यातल्या कोणत्या खान्यात टाकायचा, हे तिथं बसलेल्या माणसाच्या हातात. त्यातून पूलवाले वेगळे काढता येत नाहीत. जीएसटी यायच्या आधी राज्याचं करमणूक शुल्क पूल पार्लरलाही लागायचं, पण सरकारला कर हवा होता, खेळणारी माणसं कुणी मोजत बसलं नाही.

थोडक्यात, भारतात किती लोक हा खेळ खेळतात हे कुणीही मोजलेलं नाही. आमच्या गावात मात्र सत्तर टक्के पक्के ठरले होते.

आता त्या वाक्याची खरी गंमत सांगतो. त्यात दोन दावे एकाला एक जोडलेले आहेत. एक, सत्तर टक्के. दुसरा, बरबाद. सत्तरपर्यंत पोचायचं असेल तर व्याख्या अमेरिकन सामानवाल्यांसारखी सैल करावी लागते. वर्षातून दोनदा डोकावला तोही धरा. पण बरबाद ठरवायचा असेल तर माणूस रोज तिथं पडलेला पाहिजे. मोजताना सैल व्याख्या आणि शिव्या देताना घट्ट व्याख्या, असा हा हिशेब आहे. वर्षातून दोनदा खेळणारा बरबाद होत नाही आणि रोज खेळणारे सत्तर टक्के असूच शकत नाहीत. का नाहीत, ते टेबलंच सांगतील.

आमच्या गावात तेव्हा तीन पार्लर होती, सगळी मिळून सात टेबलं. मुसलमानांची वस्ती ढोबळमानानं वीस हजार धरू. पंधरा ते एकोणतीस वयाचे साधारण चौथा हिस्सा, म्हणजे पाच हजार. त्यातली निम्मी मुलं, अडीच हजार. सत्तर टक्के म्हणजे साडेसतराशे पोरं. ही पोरं रोज फक्त एक तास खेळतात आणि एका टेबलावर चौघं उभी राहतात असं समजलं, तरी रोज ४३७ तास टेबल लागेल. पार्लर सकाळी अकरा ते रात्री अकरा उघडं, म्हणजे एक टेबल दिवसाला बारा तास देतं. भागाकार करा. छत्तीस-सदतीस टेबलं हवीत. आमच्याकडे सात होती, त्यातल्या एकाचं कापड फाटलेलं.

रोज नाही, आठवड्यातून एकदा जातात म्हणाल? मग दिवसाला अडीचशे पोरं, त्रेसष्ट तास. सात टेबलं चौऱ्याऐंशी तास देऊ शकतात, म्हणजे कागदावर बसतं. प्रत्यक्षात असरच्या नमाजआधी तिथं कुत्रं फिरकत नाही, तरी वादासाठी बसलं असं मानू. आठवड्यातून एक तास. त्याला बरबादी म्हणायचं असेल तर चहाच्या टपऱ्यांवर, सलूनच्या बाकावर आणि आमच्या स्टाफरूममध्ये कोण आबाद आहे ते मला दाखवा.

हे झालं कागदावरचं. मी मोजायलाही गेलो. दोन रविवार, असरपासून रात्री साडेदहापर्यंत, तिन्ही पार्लरांच्या फेऱ्या. पहिल्या रविवारी एकेचाळीस चेहरे नोंदले. दुसऱ्या रविवारी अडतीस, त्यातले एकोणतीस आधीच्याच रविवारचे. मास्तर असल्याचा एक फायदा असा की गावातलं पोरगं आपण चेहऱ्यानं ओळखतो. आता दोनदा मोजून न दिसलेल्यांचा अंदाज काढायची एक जुनी पद्धत आहे. तलावातले मासे मोजायला वापरतात. काही पकडा, खूण करून सोडा, पुन्हा जाळं टाका आणि खुणेचे किती आले ते बघा. हिच्यावरच सी. चंद्रशेखर आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९मध्ये बंगालमधल्या सिंगूरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासून किती नोंदी सुटल्या याचा हिशेब मांडला होता. सूत्र साधं आहे. एकेचाळीस गुणिले अडतीस, भागिले एकोणतीस. उत्तर चोपन्न.

अख्ख्या गावात नेमानं पूल किंवा स्नूकर खेळणारे चोपन्न. दोन्ही रविवार मिळून पन्नास वेगळे चेहरे पाहिले होते, त्यातले बारा जण मुसलमान नव्हते. त्या प्रमाणात पाहिलं तर आपली एकेचाळीस पोरं. अडीच हजारांत एकेचाळीस, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. त्यातही दोघं चाळिशी ओलांडलेली होती आणि एकाची तर मीच इयत्ता आठवीत दोनदा परीक्षा घेतली होती.

माझ्या मोजणीत दोष आहेत, ते लपवत नाही. दोन रविवार म्हणजे फार थोडं. रविवारी न येणारा माझ्या जाळ्यात सापडलाच नाही. अमरावतीला कॉलेजला असलेली पोरं तिथंच खेळत असतील. आणि सगळ्यात मोठा दोष मी स्वतः. मला दारात पाहून पहिल्याच दिवशी चार जण मागच्या बाजूनं पत्रा उचलून निसटले. म्हणून चोपन्न ही खालची बाजू धरा. मुसलमान पोरांचा आकडा तिप्पट करा, एकशे तेवीस होतील. टक्केवारी पाचावर जाईल. सत्तर आणि पाच यांच्या मधलं अंतर मागच्या दारानं पळालेल्या पोरांनी भरून निघत नाही.

चिखलदऱ्याला येऊन हे लिहायला बसलो, त्याला आणखी एक कारण आहे. इथून पलीकडे मेळघाट. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. तेव्हा वाघ पायाच्या ठशांवरून मोजत. वनरक्षक काचेवर ठसा गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा काढायचा आणि हा वेगळा वाघ, तो वेगळा वाघ असं साहेब ठरवायचे. ओल्या मातीत पंजा पसरतो, कोरड्या मातीत आकसतो, आणि एका वाघाचे दोन होतात. वर्षानुवर्षं आकडे वाढत गेले. मग २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात, जिथं कागदावर डझनाहून जास्त वाघ होते, तिथं एकही उरला नसल्याचं निघालं. त्यानंतर पद्धत बदलली. आता झाडांना कॅमेरे बांधतात. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत, म्हणून तोच वाघ पुन्हा मोजला जात नाही. २०२२चा देशाचा आकडा ३,६८२ असा पेपरांत आला, पण अहवालात तो कमीत कमी ३,१६७ आणि जास्तीत जास्त ३,९२५ असा दिला आहे. एवढे कॅमेरे लावूनही 'इतके ते इतके' म्हणतात आणि त्याला गणना न म्हणता अंदाज म्हणतात. वाघाला जो न्याय मिळतो तो मोहल्ल्यातल्या पोराला का मिळू नये?

कुणी म्हणेल, सर, जाऊ द्या ना. वक्त्याला तंबी द्यायची होती, सत्तर हा नुसता बोलायचा शब्द. मला हे मान्य नाही, आणि मुसलमान म्हणून तर मुळीच मान्य नाही. खोट्या आकड्यांचा मार आपल्याइतका कुणी खाल्लेला नाही. पाच आणि पंचवीसचा हिशेब निवडणुकीच्या सभांत आपल्यावरच फेकला गेला. तेव्हा आपण काय केलं? आकडे काढले. जनगणनेत १९९१ ते २००१ या दशकात मुसलमानांची वाढ २९.५ टक्के होती, पुढच्या दशकात ती २४.६वर आली. कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१मध्ये २.३६. हे आम्ही पाठ केलं, भाषणांत सांगितलं, अग्रलेखांना उत्तर म्हणून पाठवलं. 'मुसलमानांची बहुतेक मुलं मदरशातच जातात' असं देशभर मानलं जायचं. सच्चर समितीनं २००६मध्ये हिशेब मांडला तेव्हा शाळेच्या वयाच्या मुलांपैकी मदरशात जाणारी तीन-चार टक्के निघाली. तो परिच्छेद मी स्वतः तीन सभांत वाचून दाखवला आहे. त्यातल्या एका सभेचे अध्यक्ष हेच वक्ते होते, आणि त्यांनी टाळी वाजवली होती.

दुसऱ्यानं आपल्याबद्दल आकडा फेकला की पुरावा मागायचा आणि आपणच आपल्या पोरांबद्दल फेकला की त्याला इस्लाह म्हणायचं. हे कसं चालेल? आणि असा आकडा मंडपात राहत नाही. आमचं ते वाक्य दोन महिन्यांत उलट्या बाजूनं परत आलं. तालुक्याच्या एका बैठकीत दुसऱ्याच एका गृहस्थानं शांतपणे सांगितलं, "त्यांचेच लोक म्हणतात, सत्तर टक्के पोरं अड्ड्यावर असतात." त्याला मी काय उत्तर देणार होतो?

खेळाचंही थोडं सांगायला हवं, कारण वक्त्यांनी तो 'विलायती गटारातून आलेला' म्हटला. विलायती साहेबांनी आणला हे खरं, पण स्नूकर जन्मला तो सातपुड्याच्या पलीकडे जबलपूरला, १८७५ साली, फौजी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. जबलपूर आणि आमचा वऱ्हाड १९५६पर्यंत एकाच प्रांतात होते, तेव्हा हा एका अर्थी घरचाच खेळ. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं काळ्या बॉलच्या खेळात रंगीत बॉल घातले, पुढे उटीच्या क्लबात नियम लिहिले गेले. (पंतप्रधान चेंबरलेन तो वेगळा.) या हकीकतीचा मुख्य आधार म्हणजे म्हातारपणी, १९३८मध्ये, त्यानं 'द फील्ड' या नियतकालिकाला लिहिलेलं पत्र. घटनेनंतर त्रेसष्ट वर्षांनी. तरी जगानं ते छाननी करून मगच घेतलं.

स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता याच टेबलानं दिला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स, १९५८, कलकत्ता, बिलियर्ड्स. मग मुंबईचे मायकेल फरेरा, १९७७, १९८१ आणि १९८३. सुनील गावसकरला पद्मभूषण आणि मला पद्मश्री का, असं म्हणून त्यांनी पद्मश्री नाकारली होती आणि पुढे पद्मभूषणच घेतलं. आणि मुंबईचेच यासीन मर्चंट, १९८९ आणि २००१मध्ये स्नूकरचे आशियाई विजेते. यासीन मर्चंट हे नाव मी वर्गात विचारलं तर एक हात वर होत नाही. सीमेपलीकडच्या मोहम्मद यूसुफनं १९९४मध्ये हौशी स्नूकरचं जगज्जेतेपद मिळवलं. इराणचा हुसैन वफाई आज व्यावसायिक स्नूकर खेळतो. यातल्या कुणाला बरबाद म्हणायची हिंमत आहे?

खरा फरक खेळात नाही, छपरात आहे. मुंबईच्या जिमखान्यात, पांढरा शर्ट आणि काळी विजार घालून, मार्कर बाजूला उभा ठेवून खेळला की तो बिलियर्ड्स. सागवानी पाटीवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत. तोच खेळ पत्र्याखाली, चप्पल घालून, तासाचे पैसे देऊन खेळला की अड्डा. माझ्या चोपन्नात कोण होते? गॅरेजवर काम करणारे, फळांच्या गाडीवाले, एक एसटीचा कंडक्टर, पोलीस भरतीची तयारी करणारे सहा. दिवसभर कुणाच्या तरी हाताखाली राबून संध्याकाळी एक तास उजेडाच्या झोताखाली उभं राहायला येणारी माणसं. त्यांच्यासाठी गावात वाचनालय नाही, व्यायामशाळा नाही, ईदगाहाच्या बाजूचं मैदान लग्नांना भाड्यानं दिलेलं. मुलींसाठी तर तेवढंही नाही. माझ्या मोजणीत मुलगी एकही नव्हती, आणि 'नौजवान' म्हणताना वक्त्यांनी मुलींचा विचार केला नसावा, हेही उघड आहे.

आता जुगार. हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. सूरह माइदामध्ये मैसिरला मनाई आहे, त्यात वाद नाही. तिन्ही पार्लरांत एक रिवाज होता, 'हारा सो टेबल भरेगा'. हरणाऱ्यानं दोघांच्या तासाचे पैसे द्यायचे. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना मी विचारलं. ते म्हणाले, ही पैजच झाली, ही नाजायज. दोघांनी आपापला वाटा दिला तर खेळाला माझी हरकत नाही, फक्त नमाज चुकू नये. मग मी सत्तर टक्क्यांचं विचारलं. ते हसून म्हणाले, "गिनती आपका काम है, मास्टरसाब." सगळ्या प्रकरणात मला भेटलेला सर्वांत काटेकोर माणूस हाच. कायदाही १८८७पासून निव्वळ कौशल्याच्या खेळाला जुगारातून वगळत आला आहे. मी निळ्या जाळीवाल्या पोराशी बोललो. तो आयटीआय पास, नोकरी नाही, पतसंस्थेचं कर्ज काढून दोन जुनी टेबलं आणलेली. त्यानं दुसऱ्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला, 'दोनों आधा आधा देंगे'. एक रोग होता, त्याला एक औषध निघालं. त्यासाठी कुणाचीही टक्केवारी लागली नाही.

पण तोवर अर्ज गेला होता. वर सव्वाशे सह्या, आणि पहिल्याच ओळीत सत्तर टक्के. माझी मोजणी मी एका पानावर मांडून अर्जदारांना दिली. एकानं वाचली. "हिशेब बरोबर दिसतो," तो म्हणाला, "पण आता सह्या झाल्या आहेत." त्या पोराच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं, दोन-तीन खेटे झाले, हप्ता थांबला, आणि हिवाळा संपता संपता त्यानं शेड रिकामं केलं. बाकीची दोन पार्लर चालू आहेत. त्यांच्या मालकांची वर ओळख आहे. त्याच्या एका टेबलाचं काय झालं माहीत नाही. दुसरं मिनी ट्रकमध्ये घालून घाट चढून वर आलं. आतली स्लेटची लादी फुटू नये म्हणून खाली गाद्या घातल्या होत्या, असं लॉजवाल्यानं सांगितलं. तो पोरगा आता ऑटो चालवतो. त्याच्याकडे येणारी पोरं त्याच शेडच्या ओट्यावर बसतात, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन. कुणी काय खेळतं, कशावर लावतं, हे आता मला मोजता येणार नाही. मागच्या दारानं पळायचीही त्यांना गरज नाही.

जलशाची तारीख यंदाही ठरली आहे. वक्ते तेच. पत्रिका देताना संयोजकांनी मला सांगितलं की या वर्षी विषय मोबाइल आहे आणि ऐंशी टक्के पोरं त्यात अडकली आहेत. मी विचारलं, कुणी मोजलं? ते म्हणाले, "सर, तुम्ही पुन्हा सुरू होऊ नका."

चिखलदऱ्याच्या दोन दिवसांत त्या टेबलावर तेरा जण खेळले. सवयीनं मोजले. नागपूरचं एक कुटुंब, अकोल्याचे दोन बँकवाले आणि त्यांच्या बायका, बाकी आमचं लटांबर. सात बायका-मुली, सहा पुरुष. माझी भाची सगळ्यात चांगली खेळली. पहिल्या अर्ध्या तासात तिला कोन कळला, मला तो इतकी वर्षं भूमिती शिकवून काठीनं जमत नाही. तिच्या अम्मीनं व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. कुणी काही म्हटलं नाही. वक्त्यांच्या सूनबाईंनी तर खाली बदाम टाकला.

रात्री रेंज आली तेव्हा मी त्या पोराला फोन लावला. टेबल दिसलं म्हणून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, जाली टिकी क्या?"

टिकली आहे, म्हटलं.